सायकलीतली हवा : एका शेंगदाण्याचा हिशोब

आपल्या कॉलेजात 'हवा' या शब्दाला भलताच मान आहे. गॅदरिंगमध्ये अमक्याची हवा, क्रिकेटच्या टीममध्ये तमक्याची हवा, आणि कॅम्पसला पहिल्याच कंपनीत लागलेल्याच्या तर थेट डोक्यातच हवा! पण एवढी सगळी हवा असून होस्टेलच्या सायकल स्टँडवर मात्र तिचा दुष्काळ. खोटं वाटत असेल तर आज मेसला जाता जाता स्टँडवर एक चक्कर मारा आणि दिसेल त्या सायकलीच्या मागच्या चाकाला अंगठा दाबून बघा. कुठलं मऊ, कुठलं पार रिमवर बसलेलं. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सायकल एकदम मस्त आहे रे, फक्त हवा नाही."

या 'फक्त'चा अभ्यास म्हणजे हा लेख.

मी मूळचा पालम तालुक्यातला. परभणी जिल्ह्यात गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पालम लागतं. काळी माती, कापूस-सोयाबीन, बांधावर बाभळी आणि पायवाटेवर सराटे. म्हणजे पंक्चरला लागणारा सगळा कच्चा माल आमच्याकडे मुबलक. सायकल आणि हवा हे नातं आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. दुकानासमोर सायकल उभी करायची, "मामा, हवा मारायची" म्हणायचं आणि आतून आवाज यायचा, "मारून घे की, पंप तिथंच हाय." आता पंपाच्या जागी बऱ्याच दुकानांत कंप्रेसर आलाय. बाजारात बॅटरीवर चालणारे पंप आलेत आणि गॅसच्या कुप्यासुद्धा मिळतात. मध्यंतरी होस्टेलात वाद रंगला, की यातली पर्यावरणाला चांगली पद्धत कोणती? वाद नेहमीप्रमाणे चहावर संपला, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून म्हटलं, नुसतं बोलण्यापेक्षा गणितच मांडू.

मुळात चाकात हवा कशाला?

आधी थोडा इतिहास. हवेच्या टायरची कल्पना पहिल्यांदा नोंदवली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने, १८४५ च्या सुमारास. तेव्हा आजच्यासारखी सायकलच नव्हती, त्यामुळे ती कल्पना मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली आणि पेटंट घेतलं. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं पेटंट रद्द झालं, पण नाव मात्र त्याचंच राहिलं. आपल्या साध्या सायकलीच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, ज्यात ती बारीक रबरी व्हॉलट्यूब चढवतात, त्याला आजही डनलॉप व्हॉल्व्हच म्हणतात.

हवा काय करते? दोन कामं. एक, खड्ड्याचा धक्का गिळते. दोन, आपलं वजन पेलते. टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या जागेचं क्षेत्रफळ गुणिले आतला दाब म्हणजे ढोबळमानाने त्या चाकावरचं वजन. म्हणजे दाब निम्मा झाला की टेकलेली जागा जवळपास दुप्पट होते. टायर जास्त पसरतो, प्रत्येक फेरीला जास्त वाकतो आणि सरळ होतो. वाकताना रबर जेवढी ऊर्जा घेतं तेवढी परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन जाते. सायकल 'जड चालते' म्हणतो ती यामुळे.

किती हवा लागते?

आपली नेहमीची २८ इंची काळी सायकल घेऊ. टायरचा छेद साधारण ४० मिमी, आणि ट्यूबच्या मध्यरेषेचं वर्तुळ साधारण ६७५ मिमी व्यासाचं. सूत्रात घातलं की एका ट्यूबचं आकारमान येतं सुमारे २.७ लिटर. दाब ३ बार धरू, म्हणजे दुकानाच्या भाषेत ४३-४४ पौंड. (तुमच्या टायरच्या बाजूवर जो आकडा लिहिलाय तो अंतिम.) चाक पूर्ण बसलेलं असेल तर बाहेरची साधारण ८ लिटर हवा त्यात कोंबावी लागते. दोन्ही चाकांची मिळून १६ लिटर. आपल्या मेसमधल्या मोठ्या पाण्याच्या जारमध्ये मावेल त्याहूनही कमी!

आता काम किती? तापमान न वाढता सावकाश दाबली असं धरलं, तर थर्मोडायनॅमिक्सच्या सूत्राने एका चाकाला पावणेसातशे ज्यूलच्या आसपास लागतात, दोन्हीला मिळून १,३५० ज्यूल. प्रत्यक्षात आपण सावकाश दाबत नाही. झटक्यात दाबली की हवा तापते. उष्णता बाहेर जाऊच दिली नाही तर ३० अंशाची हवा ३ बारपर्यंत दाबताना हिशोबाने १७५ अंशांच्या पुढे जायला हवी. पंपाचं लोखंड ती उष्णता शोषून घेतं म्हणून एवढी तापत नाही, पण पंपाचा खालचा भाग हाताला चटका देतो हे तुम्ही अनुभवलं असेल. त्यात वॉशरचं घर्षण आणि इकडून तिकडून फुसफुस जाणारी हवा. हे सगळं धरून दुप्पट करू. म्हणजे दोन्ही चाकांना सुमारे ३ किलोज्यूल.

आता एकेक पद्धत तपासू.

१) हातपंप

इथे इंजिन आपणच. माणसाचं शरीर खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्सा बाहेर कामाला देऊ शकतं. म्हणजे ३ किलोज्यूल कामासाठी १२ किलोज्यूल अन्न, अर्थात सुमारे ३ किलोकॅलरी. अर्ध्या ग्रॅमच्या एका शेंगदाण्यात जवळपास एवढीच ऊर्जा असते. मित्रहो, दोन्ही चाकं रिकाम्यापासून टम्म करायला खर्च एक शेंगदाणा! मेसच्या पोह्यांतून तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी निभावतं.

पंप बनवायला लागलेलं लोखंड मात्र हिशोबात धरलं पाहिजे. एक किलो पोलाद तयार होताना ढोबळमानाने दोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण किलोभराचा पंप नीट ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. त्यात बिघडतो तो बहुतेक वेळा फक्त वॉशर. पंप उघडायचा, वॉशर बघायचा, सुकला असेल तर दोन थेंब तेल, झिजला असेल तर नवा. पाना आणि दहा मिनिटं वेळ, एवढीच सामग्री.

२) कंप्रेसर

गॅरेजमधला दोन हॉर्सपॉवरचा कंप्रेसर ढोबळमानाने मिनिटाला दीडशे लिटर हवा दाबतो. म्हणजे लिटरमागे ६०० ज्यूल. टाकीत ८-१० बार दाब, आणि आपल्याला पाहिजे ३ बार. आधी उगीच जास्त दाबायचं आणि मग व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचं, म्हणून हा आकडा हातपंपापेक्षा मोठा येतो. १६ लिटरला साधारण १० किलोज्यूल, मोटरचा तोटा धरून १२ किलोज्यूल वीज. नऊ वॅटचा एलईडी दिवा वीस-बावीस मिनिटं जळेल एवढी. भारतात एक युनिट वीज बनताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्या हिशोबाने आपल्या वाट्याला आले अडीच ग्रॅम. नळीच्या जोडांतून होणारी गळती धरून पाच ग्रॅम म्हणा.

म्हणजे कंप्रेसर हा काही राक्षस नाही. अडचण वेगळीच आहे. पहिली, लाईट गेली आणि टाकीतली शिल्लक संपली की तो गप्प. दुसरी, पेट्रोल पंपावर हवा मोफत असते खरी, पण तिथली नळी मोटारगाड्यांच्या व्हॉल्व्हची. साध्या सायकलीच्या डनलॉप व्हॉल्व्हला ती बसत नाही. तिसरी, गिअरच्या नव्या सायकलींना मोटारसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, तिथे नळी बसते, पण कारच्या टायरपुढे सायकलची ट्यूब म्हणजे वाटी. दोन-तीन सेकंद जास्त धरलं की धडाम! अशा वेळी नळी टेकवायची, सोडायची, अंगठ्याने बघायचं, पुन्हा टेकवायची.

३) गॅसची कुपी, बॅटरीचा पंप आणि इतर मंडळी

रेसवाले खिशात बोटाएवढी पोलादी कुपी ठेवतात. तिच्यात १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात भरलेला असतो. फोडली की काही सेकंदांत चाक टम्म. गणित केलं तर १६ ग्रॅमचा ९ लिटरच्या आसपास वायू होतो, म्हणजे आपल्या एका चाकाला एक कुपी पुरते. आत भरलेला वायू बहुधा कारखान्यांतून उपउत्पादन म्हणून मिळालेला असतो, तो एवढा मोठा गुन्हेगार नाही. पण रिकामी कुपी फेकून द्यायची! ४०-५० ग्रॅम पोलाद एकदा वापरून कचऱ्यात. दोन चाकांच्या दोन कुप्या आणि आतला गॅस धरून हिशोब दोनशे ग्रॅमच्या आसपास जातो. अशा दहा वेळा हवा भरली की एक अख्खा हातपंप बनवण्याइतका भार झाला. शिवाय कार्बन डायऑक्साइड रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे एक-दोन दिवसांत पुन्हा हवा भरावीच लागते. रानात अडकलेल्या रेसवाल्याला ही सोय, रोजच्या वापराला नाही.

बॅटरीचा पंप दिसायला छान, दाबाचा आकडा दाखवतो, ठरलेल्या दाबाला आपोआप थांबतो. वीज कंप्रेसरसारखीच किरकोळ खातो. त्याचा भार विजेत नाही, बॅटरीत आहे. वीस वॅट-तासांची लिथियम बॅटरी बनवताना दीड-दोन किलो कार्बन डायऑक्साइड होतो असा ढोबळ अंदाज बांधता येतो. म्हणजे बॅटरीच एका लोखंडी पंपाएवढी झाली, आणि काही वर्षांनी ती ई-कचऱ्यात जाणार. वॉशर बदलला तशी ती गल्लीत बदलून मिळत नाही. मात्र ज्याच्या हातात जोर नाही, मनगट दुखतं, त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे, हेही मान्य केलं पाहिजे.

नायट्रोजनबद्दल एकाने विचारलं होतं. बाहेरच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे आणि तो फुकट आहे. सायकलीसाठी बाकीच्या २२ टक्क्यांचे पैसे देण्यात अर्थ नाही.

हवाच नको म्हणून भरीव रबराचे टायरही मिळतात. २०१७-१८ च्या सुमारास पुण्यात भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या होत्या, अशा सेवांतल्या काही सायकलींना ते असतात. पंक्चरची कटकट नाही, पण टायर जड, आणि खडीच्या रस्त्यावर प्रत्येक खडा हाडापर्यंत पोचतो. आमच्या पालमच्या पाणंद रस्त्यावर असा टायर घातला तर सायकलीआधी माणूस खिळखिळा होईल.

मग खरा खर्च कुठे आहे?

सगळे आकडे शेजारी ठेवू. (दोन्ही चाकं, रिकाम्यापासून भरलेली.)

हातपंप : एक शेंगदाणा.
कंप्रेसर : अडीच ते पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.
गॅसच्या दोन कुप्या : दोनशे ग्रॅमच्या आसपास.
बॅटरीचा पंप : वीज किरकोळ, पण पंप घेतानाच किलो-दोन किलोचं कर्ज.

आता याच यादीत एक ओळ वाढवतो. सायकल बसलीय म्हणून चाक काढून मित्राच्या मोटारसायकलवर ठेवलं आणि तीन किलोमीटरवरच्या दुकानात जाऊन हवा भरून आणली. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला ४६ ग्रॅम. जाऊन येऊन सहा किलोमीटरचे झाले २७५ ग्रॅम! म्हणजे हवा पाच ग्रॅमची आणि तिची वाहतूक पावणेतीनशेची. कुपीपेक्षाही वाईट.

याहूनही मोठा खर्च असतो तो हवा न भरण्याचा. ६० किलोचा विद्यार्थी आणि २० किलोची सायकल धरू. चाकं टणक असताना रस्त्याच्या विरोधाचा गुणांक ०.००८ आणि मऊ असताना ०.०१४ धरला (टायरच्या जातीप्रमाणे हे बदलतं), तर मऊ चाकाला पावणेपाच न्यूटन जादा जोर लागतो. ऐकायला कमी वाटतं. पण गाव ते शाळा पाच किलोमीटर, जाऊन येऊन दहा, म्हणजे रोज ४७ किलोज्यूल जादा काम. आणि हवा भरायला किती लागले होते? तीन! म्हणजे पंप मारण्याची मेहनत पहिल्या सहा-सातशे मीटरांत वसूल होते, पुढचा सगळा रस्ता नफा. एवढा परतावा कुठल्याच बँकेत मिळणार नाही.

शिवाय मऊ टायर बाजूंनी भेगाळतो, खड्ड्यात रिम ट्यूबला चावते, आणि दोन-तीन वर्षं जाणारा टायर लवकर भंगारात जातो. असा टायर नाल्यात पडला तर निसर्गात सहजासहजी कुजत नाही. आणि सगळ्यात शेवटचा तोटा म्हणजे जड चालणारी सायकल माणूस हळूहळू वापरायची सोडतो. आज 'हवा नाही' म्हणून मोटारसायकलवर मागे बसला, उद्याही बसला, परवा घरी हट्ट धरून स्वतःची गाडी घेतली. सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच.

म्हणून माझा निष्कर्ष असा : हवा कशाने भरली याने फार फरक पडत नाही. ती हाताशी आहे की नाही, याने पडतो. आपण परीक्षेत 'पर्यावरण' आणि 'सोय' हे दोन मुद्दे वेगवेगळे लिहितो. इथे ते एकच आहेत. जिथे हवा भरणं सोपं, तिथे सायकल चालते. जिथे सायकल चालते, तिथे पेट्रोल वाचतं.

पंपाची जाडी आणि शाळेतल्या मुली

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून २०११-१२ पासून २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ती आहे. परभणी जिल्हाही त्यात आहे. गावात पुढचे वर्ग नसले की मुलीचं शिक्षण थांबतं, ते थांबू नये म्हणून ही सायकल. तिचं महत्त्व आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

सायकल आली की दुसऱ्याच महिन्यात प्रश्न येतो हवेचा. लहान गावात सायकलचं दुकान नसतं. घरात पंप असला तर तो भावाने किंवा वडिलांनी मारायचा, आणि ते शेतावर गेलेले. पोरीने स्वतः का मारू नये? जोर कमी पडतो म्हणतात. पण हा जोर मुलीत कमी नाही, पंपात जास्त आहे. कसा ते बघा.

जाड नळीचा पंप घेऊ, आतला व्यास ३५ मिमी. क्षेत्रफळ ९.६ चौरस सेंमी. ३ बारला पोचताना दांडा दाबायला लागणारा जोर सुमारे २९ किलो! ३५ किलो वजनाच्या आठवीतल्या मुलीने अंगाचं जवळपास सगळं वजन टाकलं तरच तो खाली जाणार. आता बारीक नळीचा पंप घेऊ, आतला व्यास २५ मिमी. क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंमी, जोर लागतो सुमारे १५ किलो. पाण्याने भरलेली बादली उचलणाऱ्या मुलीला हा जोर सहज आहे. फरक एवढाच, की जाड पंपाला गळती धरून २५ दांडे लागत असतील तर बारीक पंपाला ५० लागतील. काम तेवढंच, फक्त छोट्या हप्त्यांत. कर्जाचा हप्ता कमी करून मुदत वाढवतात ना, तसं.

जाड पंप लवकर भरतो म्हणून सगळे तोच घेतात. दुकानात काम करणाऱ्या दणकट माणसाला तो ठीकच आहे. पण घरात मुलगी वापरणार असेल, किंवा आजोबा वापरणार असतील, तर पंप घेताना नळी बारीक आणि लांब बघावी. हे कुठल्याच पंपावर लिहिलेलं नसतं. सुट्टीत गावी गेलात की एवढी एक गोष्ट घरी नक्की सांगा. ज्या मुलीला स्वतःच्या सायकलीत स्वतः हवा भरता येते, तिची शाळा दुसऱ्या कुणाच्या सवडीवर अवलंबून राहत नाही.

काही कामाच्या गोष्टी

व्हॉलट्यूब : आठवड्याला चाक बसत असेल तर लगेच पंक्चर समजू नका. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर व्हॉलट्यूब कुजली. पेरभर लांबीचा तो रबरी तुकडा बदलला की काम झालं.

दाब मोजणं : डनलॉप व्हॉल्व्हमध्ये आतली हवा बाहेरच्या मीटरपर्यंत पोचत नाही, व्हॉलट्यूब तिला अडवते. त्यामुळे पंपावरचा काटा दाब थोडा जास्तच दाखवतो. आपला अंगठाच बरा. टायर बाजूने दाबून बघा. जेमतेम दबला पाहिजे. मागचं चाक पुढच्यापेक्षा थोडं टणक ठेवा, वजन जास्त त्याच्यावरच येतं.

उन्हाळा : परभणीचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. "उन्हाळ्यात हवा कमी ठेव, न्हाईतर ट्यूब फुटंल" असं आमच्याकडे सगळेच सांगतात. हिशोब करू. सकाळी २७ अंशाला ३ बार भरली आणि दुपारी उन्हात ट्यूब ६० अंशापर्यंत तापली, तर दाब जातो ३.४ बारच्या थोडा वर. वाढ पंधरा टक्क्यांच्या आसपास. चांगला टायर एवढी वाढ मुकाट सोसतो. फुटतो तो आधीच भेगाळलेला टायर, आणि सुटतं ते उन्हाने सोल्यूशन मऊ झालेलं ठिगळ. तेव्हा उन्हाळ्यात हवा अर्धी करण्यापेक्षा सायकल सावलीत लावा. झाड नसेल तर चाकांवर ओलं पोतं टाका.

ट्यूब : ब्युटाइल रबराच्या ट्यूबमधून हवा साध्या रबराच्या ट्यूबपेक्षा कितीतरी सावकाश झिरपते. घेताना थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पंपाचे दांडे वाचतात.

सराटे-बाभूळ : काटा दिसला की लगेच उपटू नका. आधी जागेवर पेनाने खूण करा, मग काढा. पंक्चर शोधायला घमेल्यातलं पाणी लागणार नाही.

आणि आपण काय करायचं?

कोपनहेगनमध्ये सायकलमार्गांच्या कडेला सार्वजनिक पंप बसवले आहेत. कुणीही यावं, हवा भरावी, पुढे जावं. आपल्याला कोपनहेगन व्हायचं नाही, सायकल स्टँडपुरतंच बघू. माझी सूचना अशी : प्रत्येक होस्टेलच्या स्टँडवर एक उभा पंप, बारीक नळीचा, दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला बसेल अशा तोंडाचा, साखळीने खांबाला बांधलेला. शेजारी डब्यात व्हॉलट्यूबचे तुकडे, सोल्यूशन, पॉलिश पेपर आणि जादा वॉशर. खर्च प्रत्येक खोलीने एका संध्याकाळचा वडापाव सोडला तरी निघेल. वॉशर बदलायची जबाबदारी मेकॅनिकलच्या सेकंड इयरने घ्यावी. तेवढंच प्रॅक्टिकल, जर्नलही लिहायला नको!

स्टाफपैकी बरेच सर कॉलनीतून गाडीने येतात. अंतर सायकलीचंच आहे. गॅरेजमध्ये एखादी जुनी सायकल नक्की असेल. सर, पंप स्टँडवर राहील, किल्ली मागावी लागणार नाही.

खात्री पटत नसेल तर एक प्रयोग करून बघा. लायब्ररीसमोरच्या उतारावर एका जागेवरून पायडल न मारता सायकल सोडा आणि ती कुठे थांबते तिथे खूण करा. आधी मऊ चाकांनी, मग टणक चाकांनी. दोन खुणांमधलं अंतर पावलांनी मोजा. रोज तेवढ्या पावलांची मेहनत आपण फुकट घालवत होतो, हे पाहिलं की पुढचं सांगायला मी लागणार नाही. आकडे आले की नोटीस बोर्डावर लावा, माझं गणित चुकलं असेल तर तेही लाल शाईने लिहा. फक्त त्या आधी चाकाला अंगठा लावून बघा.

– मेकॅनिकल, तृतीय वर्ष